जिल्हा 'विभाजन' की 'विकेंद्रीकरण'?

प्रश्न असा: नाशिकमधून वेगळ्या मालेगाव जिल्ह्याच्या मागणीबद्दल कुणी 'जिल्हा विभाजन' लिहितं, कुणी 'सत्तेचं विकेंद्रीकरण'. दोन्हींचा अर्थ एकच का?

नाही. आणि हे शब्द सरमिसळ करून वापरले की मला मनापासून वाईट वाटतं.

'विभाजन' हा 'भज्' म्हणजे वाटणे या धातूचा शब्द. भाग, विभाग, भाजक त्याच घरचे. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला, 2014 मध्ये ठाण्यातून पालघर, ही विभाजनं. हद्द बदलली, नवं जिल्हाधिकारी कार्यालय आलं. सटाण्याच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कामासाठी एसटीनं नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरण्याऐवजी मालेगाव गाठता आलं, तर त्याचा दिवस वाचेल. ही सोय मोठी आहे, मागणी रास्त आहे. पण जिल्हाधिकारी आधीही सरकारनं नेमलेला, नंतरही सरकारनंच नेमलेला. कार्यालय जवळ आलं, अधिकार होता तिथेच राहिला.

'विकेंद्रीकरण' म्हणजे केंद्रात साठलेला अधिकार खाली, लोकांनी निवडलेल्यांच्या हाती जाणं. वसंतराव नाईक समितीचं नावच 'लोकशाही विकेंद्रीकरण समिती' होतं. तिच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तिथे हा शब्द चपखल बसतो.

जोडीनं येणाऱ्या 'स्वायत्त'मध्ये अनेकांना 'सत्ता' ऐकू येते. फोड मात्र स्व + आयत्त अशी आहे. आयत्त म्हणजे ताब्यातला. स्वतःच्या ताब्यात असलेला तो स्वायत्त.

तेव्हा बातमीत नाशिकच्या बाजूनं 'विभाजन' लिहावं, मालेगावच्या बाजूनं 'निर्मिती'. बोलताना लोक दोन्ही टाळतात. त्र्यंबकेश्वर आणि देवळा वेगळे निघून नाशिकचे 13 तालुके 15 झाले, तेव्हा देवळ्याच्या माणसानं 'आमचा तालुका झाला' एवढंच म्हटलं. मूल झालं, पाऊस झाला, तसा तालुका झाला. मला हे 'होणं' सगळ्यांत आवडतं.

जाता जाता: 'जिल्हा' अरबीतून आला, तिकडे त्या शब्दाचा अर्थ बरगडी, बाजू. 'तालुका'ही अरबीच, 'तअल्लुक'च्या घरचा. तअल्लुक म्हणजे संबंध.