पार्किंगमधून आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू आणि घरातच राहणारी मांजर : रेबीजची लस कधी, किती वेळा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या पार्किंगमधलं दोन महिन्यांचं देशी पिल्लू दहा दिवसांपूर्वी घरी आणलं. लसीसाठी 'तीन महिन्यांचं झालं की आणा' असं सांगितलं गेलं. घरात चार वर्षांची मांजर आहे. ती कधी दाराबाहेर गेलेली नाही, म्हणून तिला रेबीजची लस दिलेली नाही. परवा खेळताना पिल्लाचे दात सात वर्षांच्या मुलीच्या हाताला लागले. रक्त आलं नाही, पण ओरखडा दिसतोय.

तुम्ही विचारलंय पिल्लाबद्दल, पण मी सुरुवात मुलीपासून करतो, कारण तिचं काम आजचं आहे.

रक्त न येता दाताचा किंवा नखाचा ओरखडा उमटला तर तो दुसऱ्या श्रेणीचा संपर्क. त्याला जखम धुणं आणि लस, दोन्ही लागतं. रक्ताचा एक थेंब जरी आला, किंवा फुटलेल्या कातडीला, डोळ्याला, ओठाला लाळ लागली, तर तिसरी श्रेणी. मग लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडंही (विषाणूला थोपवणारी प्रथिनं, अँटिबॉडीज) टोचावी लागतात. नुसतं धड कातडीवर चाटलं तर काही लागत नाही, हात धुतला की झालं. 'पिल्लूच तर आहे, दुधाचे दात' या समजुतीवर अजिबात जाऊ नका. दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात, आणि पार्किंगमधल्या आईला लस मिळाली होती का, हे कुणालाच माहीत नसतं.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावूनच, कारण अंदाजाने धुतलं की दोन मिनिटांत आपल्याला 'झालं' वाटतं. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण तेच विरघळवतो, म्हणून कपडे धुवायचा साधा साबणही चालतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. दोन दिवस उलटले असले तरी धुवा. हळद, चुना, मिरचीपूड, मिश्री, बिब्ब्याचा चटका यातलं काही नको. त्याने जखम चिडते आणि विषाणू मज्जातंतूपर्यंत आणखी सहज पोचतो. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं आणि रेबीजची लस वेगळी. 'इंजेक्शन घेतलंय' म्हणणाऱ्या कित्येकांनी फक्त धनुर्वाताचं घेतलेलं असतं.

सरकारी दवाखान्यात ही लस बहुधा कातडीत देतात : ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिली. खासगीत स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस. मोठ्यांना दंडात, लहानग्यांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत लस अडकते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती घालणारे आजी-आजोबा खोटं बोलत नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस खरंच तशी द्यायचे, पण भारतात ती २००५ च्या सुमारास बंद झाली.

तिसऱ्या श्रेणीत जी तयार प्रतिपिंडं लागतात, ती घोड्याच्या रक्तातली असतील तर वजनाच्या दर किलोला ४० युनिट आणि माणसाच्या रक्तातली असतील तर किलोला २० युनिट. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये बाजारात आणलेली मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली, प्रतिपिंडंही आहेत. कुठलीही असोत, जितकी मावतील तितकी जखमेत आणि जखमेभोवतीच टोचायची असतात. मुलं रडतात म्हणून सगळा डोस दंडात देऊन मोकळं होणं ही चूक वारंवार घडते.

आता दहा दिवसांचा नियम, ज्याचा हमखास घोळ होतो. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, आणि मेंदूत वाढल्यावरच उलट लाळग्रंथींत उतरतो. लाळेत विषाणू आला की कुत्रा-मांजर काही दिवसांतच लक्षणं दाखवतात आणि मरतात. त्यामुळे चावल्यापासून दहा दिवस प्राणी ठणठणीत राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, एवढं नक्की. तेवढंच. पिल्लाच्या अंगात विषाणू मुळीच नाही असं यातून सिद्ध होत नाही, कारण लागण होऊन लक्षणं दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, कधी जास्तही. म्हणून लस आजच सुरू करायची आणि दहा दिवस बघायचंही. 'आधी दहा दिवस बघू, मग लस घेऊ' हा उलटा क्रम आहे. पिल्लू ठीक राहिलं तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतील. स्नायूतल्या वेळापत्रकात अशा वेळी १४ व्या दिवसाचा डोस गाळून २८ व्याचा देतात, आणि ती मालिका पुढच्या आयुष्यासाठी संरक्षण म्हणून धरता येते. पुन्हा कधी काही चावलं तर मग ० आणि ३ या दोन दिवशी एकेक डोस पुरतो, प्रतिपिंडं लागत नाहीत. म्हणून हे डोस आणि त्यांचा कागद वाया गेला असं समजू नका. घरात मुलं आणि प्राणी एकत्र असतील तर हाच फायदा चावण्याआधी ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी लस घेऊनही मिळतो.

पिल्लाकडे येऊ. 'तीन महिन्यांनंतर या' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो लस घेतलेल्या आईच्या पिल्लासाठी जास्त लागू आहे. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पहिले काही आठवडे लसीलाच निष्प्रभ करतात, म्हणून १२ आठवडे थांबतात. तुमच्या पिल्लाच्या आईला लस मिळालीच नसेल तर त्याच्या अंगात अडवणारंही काही नाही आणि वाचवणारंही काही नाही. अशा पिल्लाला मी एक डोस आत्ता, १२ आठवड्यांचं झालं की दुसरा, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी तिसरा आणि मग वर्षाने बूस्टर, असं सुचवेन. आत्ताचा डोस हा जादाचा समजायचा. तो दिला म्हणून १२ आठवड्यांचा चुकवायचा नाही. लस मृत विषाणूची असते, त्यामुळे एखादा डोस जास्त झाल्याने रोग होत नाही. तुमच्या पशुवैद्यांना 'आई रस्त्यावरची आहे' हे स्पष्ट सांगा, बहुतेक जण लगेच मान्य करतात. जंत-औषध आठवडाभर आधी झालेलं बरं. ताप, जुलाब असतील तर ते थांबेपर्यंत लस पुढे ढकलतात.

इथेच एक सापळा आहे. पिल्लांना सहाव्या-आठव्या आठवड्यात 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' देतात. ती डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो वगैरेंसाठी असते आणि बहुतेक वेळा तिच्यात रेबीज नसते. नऊ आजार म्हटल्यावर त्यात रेबीज असणारच असं वाटतं आणि वर्षभर पिल्लू तसंच राहतं. मांजरींच्या 'थ्री इन वन'चंही तेच. कार्डावर चिकटवलेल्या स्टिकरवर रेबीज हा शब्द आहे का, ते स्वतः वाचा. स्टिकरवर बॅच क्रमांक आणि मुदतही असते. स्टिकर नसेल आणि नुसती तारीख लिहिलेली असेल तर तिथेच मागून घ्या.

लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. गरम झाली तर निकामी होतेच, पण गोठली तरी निकामी होते, हे कमी जणांना ठाऊक असतं. यातल्या बऱ्याच लसींत ॲल्युमिनियमचं संयुग असतं, गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि वितळवून ती पूर्ववत होत नाही. मेडिकलमधून कुपी घेऊन, उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून घरी आणायची आणि कंपाउंडरकडून टोचून घ्यायची, हा दोनशे रुपये वाचवायचा उद्योग करू नका. आत गेलेलं पाणीच आहे की लस, हे बाहेरून कधीच कळत नाही. शिवाय दाट केसांच्या कुत्र्यात नवख्या हाताने दिलेलं इंजेक्शन कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर निघून केसांवर सांडतं, हेही होतं. डोस कुत्रा मोठा असो की लहान, १ मिलीच. 'पिल्लू छोटंय, अर्धीच द्या' असं कुणी म्हटलं तर नको म्हणा.

टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या होणं अशी ॲलर्जी झालीच तर बहुधा या वेळात होते आणि तिथे औषध हाताशी असतं. एक दिवस सुस्ती, टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ, एवढं चालतं.

आता मांजर. 'ती घराबाहेर जात नाही' हे कारण ऐकायला पटतं, पण तुमच्या घरात धोका दहा दिवसांपूर्वी जिना चढून आला आणि तिच्याच वाटीशेजारी बसलाय. पिल्लू नसतं तरी मी लस द्याच म्हटलं असतं : खिडकीची जाळी सुटते, घर बदलताना मांजर पिंजऱ्यातून निसटते, आणि मांजर पिसाळली तर ती कुत्र्यापेक्षा अवघड असते, कारण ती लपते आणि हात जवळ आला की थेट मनगटाला किंवा चेहऱ्याला भिडते. तिला आज एक डोस, महिन्याने दुसरा, मग दरवर्षी. लसीचा परिणाम पक्का व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर पिल्लू आणि ती वेगवेगळ्या खोल्यांत, भांडी वेगळी. मांजरींत टोचल्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ होऊ शकते, म्हणून खांद्यांच्या मधोमध न देता पायाच्या खालच्या भागात द्यायला सांगा. गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर दाखवा. हे ऐकून लस टाळू नका. त्या गाठीची शक्यता फार कमी आहे आणि रेबीजवर उपचार नाही.

दरवर्षी की तीन वर्षांनी? काही लसींवर तीन वर्षांची मुदत छापलेली असते आणि ती खोटी नाही. तरीही भटकी कुत्री दारात असलेल्या आपल्या शहरांत मी दरवर्षीच्या बाजूने आहे. महापालिकेचा परवानाही चालू लसीच्या दाखल्यावरच मिळतो. दोन-चार महिने उशीर झाला तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, आधीची मालिका पूर्ण असेल तर एक डोस पुरतो.

उद्या पिल्लाला रस्त्यावरचं कुत्रं चावलं तर 'लस झालीय' म्हणून स्वस्थ बसू नका. हातमोजे घालून जखम साबणाने धुवा, कारण केसांवर त्या दुसऱ्या कुत्र्याची लाळ असते आणि तुमच्या बोटाला चीर असू शकते. आधी लस झाली असेल तर लगेच बूस्टर आणि ४५ दिवस नजर. झालेली नसेल तर आपल्याकडे पशुवैद्य ०, ३, ७, १४, २८ अशी मालिका देतात, पण तिच्या भरवशावर त्याला मुलांच्या अंथरुणात घेऊ नका. अमेरिकेत लस नसलेल्या अशा कुत्र्याला चार महिने पूर्ण वेगळं ठेवतात, नाहीतर मारून टाकतात.

लक्षणांबद्दल एकच, कारण पिसाळलेलं, धावून चावणारं कुत्रं सगळ्यांना ओळखता येतं. ओळखू येत नाही तो मुका प्रकार. कुत्रं कोपऱ्यात बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, घशात हाड अडकलंय, आणि कुणीतरी तोंडात हात घालतं. हात घालू नका. खोलीत बंद करा आणि पशुवैद्यांना फोन करा. 'पाणी पितोय म्हणजे रेबीज नाही' हेही चूक आहे, पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. रक्त तपासून जिवंत कुत्र्यात रेबीज ओळखता येत नाही, निदान मेल्यानंतर मेंदूवरच होतं. प्रयोगशाळा जी रक्ततपासणी देतात ती लसीने प्रतिपिंडं किती झाली हे मोजते, आणि ०.५ युनिट प्रति मिली ही त्याची पास होण्याची रेषा आहे.

ही तपासणी लागते ती परदेशी जाताना. पुढेमागे युरोपात जायचा विचार असेल तर १५ आकडी मायक्रोचिप (ओळख पटवणारी, कातडीखाली बसवायची) रेबीजच्या लसीआधी किंवा त्याच दिवशी बसवून घ्या, नाहीतर ती लस तिथे धरलीच जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त द्यायचं, आणि रक्त दिल्यापासून तीन महिने थांबायचं. आता पिल्लाला नाहीतरी टोचायला नेणारच आहात, तर चिपचं तेव्हाच विचारा.