लेटर गॉथिक या इंग्रजी फॉन्टच्या तिरक्या रूपाला ‘इटॅलिक’ न म्हणता ‘स्लँटेड’ का म्हणतात? आणि ते वापरायचं कुठे?

कारण त्यात अक्षरं बदलत नाहीत, नुसती कलतात. खऱ्या इटॅलिकमध्ये छोट्या ‘ए’ची घडणच हाताने लिहिल्यासारखी होते. इथे उभा ‘ए’ तोच, फक्त वाऱ्यात वाकलेला.

मी फॉन्टवाला नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे दिवसभर डोळ्यांपुढे एका रुंदीचीच अक्षरं. लेटर गॉथिक मूळचा आयबीएमच्या टाइपरायटरसाठी रॉजर रॉबर्सन यांनी काढलेला. टाइपरायटर दर ठोक्याला सारखाच सरकतो, म्हणून बारक्या ‘आय’ला आणि रुंद ‘एम’ला जागा तेवढीच. १० पॉइंट मापाला इंचात १२ अक्षरं बसतात.

कलवणं एका बटणाचं काम वाटतं, पण तसं केलं की गोल ‘ओ’ एका अंगाने दबतो, रेघ कुठे जाड कुठे बारीक होते. ते निस्तरावं लागतं. उंच ‘डी’चं डोकं शेजाऱ्याच्या खोलीत घुसतं ते वेगळंच. सगळ्यात गंमत रेघांची. उभी रेघ कलली की भागाकाराच्या तिरक्या रेघेसारखी दिसते, म्हणून त्या तिरकीला आणखी झोपवायचं. उलटी तिरकी रेघ मात्र कलता कलता उभी राहू पाहते!

वापराचं म्हणाल तर माझ्या मते एकच खरी जागा: माणसासाठी लिहिलेला मजकूर. फानुक कंट्रोलवर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) कंसातलं मशीन मनावर घेत नाही, तेवढं मी एडिटरमध्ये तिरकं ठेवतो. कोड उभा. रुंदी एकच असल्याने रकाने हलत नाहीत.

आकडे मात्र तिरके छापू नका. एकदा हौसेने अख्खी सेटअप शीट (मशीन कसं लावायचं त्याचा कागद) तिरकी काढली. झेरॉक्सची झेरॉक्स झाली, ऑपरेटरने ६ चा ८ वाचला आणि जॉब भंगारात. बोलणी मीच खाल्ली, ऑपरेटरची काय चूक? त्यातून फानुकचा प्रोग्रॅम नंबर ‘ओ’ अक्षराने सुरू होतो आणि पाठोपाठ शून्यं येतात. म्हणून शून्यात ठिपका किंवा रेघ असलेलाच फॉन्ट घ्या, उभा असो की तिरका.

मराठी टिपा असतील तर हा नाद सोडा. देवनागरी कलवली की शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे झुकतात. वर ‘र’ आणि ‘क्ष’ एकाच मापाच्या खोलीत कोंबायचे! मी मराठी टिपा उभ्याच ठेवतो, रंग फक्त फिका करतो.