काटापट्टी छापली, पण नोंद फाईलमध्ये नाही: कर्नल डेटा डिस्कवर नेमका कधी लिहितं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धरणगावच्या एका जिनिंगमध्ये भुईकाट्याच्या कॉम्प्युटरवर उबुंटू आहे. पायथॉनमधला एक प्रोग्राम प्रत्येक गाडीची नोंद सीएसव्ही फाईलच्या शेवटी जोडतो आणि लगेच काटापट्टी छापतो. लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली. मशीन परत चालू केलं तर शेवटच्या पाच-सहा गाड्यांच्या नोंदी फाईलमध्ये नाहीत, पट्ट्या मात्र शेतकऱ्यांच्या खिशात. लिनक्सचं (उबुंटू हे त्याचंच एक रूप) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डेटा कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवतं आणि डिस्कवर उशिरा लिहितं असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा हा उशीर कमी कसा करायचा?

मी जळगाव भागात जिनिंग आणि दालमिलच्या काट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. "भाऊ, पट्टी त शे, मंग नोंद कोठे गयी?" हा मुनीमजींचा प्रश्न मला पाठ झालाय. तुमच्या बाबतीत मला वाटतं चोर चुकीचा धरलाय. कर्नलने फार तर शेवटची एक नोंद गमावली असेल, पाच-सहा नाही.

प्रोग्राम जेव्हा 'राइट' हा कॉल करतो तेव्हा कर्नल ते बाइट रॅममधल्या पेज कॅशमध्ये उतरवून घेतं, त्या पानावर 'डर्टी' अशी खूण करतं आणि काम झालं म्हणून सांगून मोकळं होतं. पान साधारण ४ केबीचं असतं, म्हणजे तुमची ओळ ८०-९० अक्षरांची असली तरी अख्खं पान डर्टी. डिस्कला यातलं अजून काहीच माहीत नसतं. मुनीमजी दिवसभर कच्च्या वहीत टिपून ठेवतात आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवतात, तसाच हा प्रकार. फक्त ही कच्ची वही लाईट गेली की कोरी होते.

आता ही सवड कधी मिळते? कर्नलमध्ये डर्टी पानं डिस्कवर ढकलणारे फ्लशर असतात. प्रोसेसच्या यादीत 'केवर्कर' नावाने सुरू होणारे आणि पुढे 'फ्लश-८:०' असं काहीतरी लिहिलेले दिसतात ते हेच. ८:० हा डिस्कचा नंबर. मूळ सेटिंगमध्ये फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांहून जास्त वेळ डर्टी पडलेल्या फाईली शोधतो. हे आकडे 'डर्टी रायटबॅक सेंटीसेक्स' (५००) आणि 'डर्टी एक्स्पायर सेंटीसेक्स' (३०००) या नावांनी सिसिटीएलमध्ये (कर्नलची सेटिंगं बघायची-बदलायची सोय) सापडतील. एक सेंटीसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. घड्याळ फाईल पहिल्यांदा डर्टी झाली तेव्हापासून चालतं. मधे तुम्ही आणखी ओळी जोडल्या म्हणून ते मागे सरकत नाही. वर ईएक्सटी४ या फाईलसिस्टिमचा जर्नल (बदलांची तिची नोंदवही) कमिट, म्हणजे डिस्कवर पक्का, होण्याचे ५ सेकंद धरा. एकूण हिशोब चाळीस सेकंदांच्या आसपास.

आता काट्यावर उभं राहून बघा. ट्रॅक्टर ट्रॉलीसह प्लॅटफॉर्मवर चढतो, माणसं खाली उतरतात, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, गाडी नंबर आणि शेतकऱ्याचं नाव टाकायचं, पट्टी फाडून द्यायची, मग पुढची गाडी. रांग लागलेली असली तरी एका गाडीला दोन-तीन मिनिटं जातातच. पाच-सहा गाड्या म्हणजे पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात फ्लशर कितीतरी वेळा उठून गेला. त्याला त्या ओळी दिसल्या असत्या तर त्याने त्या लिहिल्या असत्या. दिसल्या नाहीत, कारण त्या कर्नलपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

त्या होत्या पायथॉनच्या स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे कर्नलकडे द्यायच्या आधी मजकूर साठवायच्या जागेत. बहुतेक प्रोग्राम सकाळी फाईल उघडतात, दिवसभर ओळी लिहितात आणि संध्याकाळी बंद करतात. पायथॉनच्या बऱ्याच आवृत्त्यांत हा बफर ८१९२ बाइटचा असतो, त्यात तुमच्या शंभरेक ओळी आरामात मावतात. तो भरेपर्यंत, किंवा तुम्ही फ्लश अगर क्लोज करेपर्यंत, 'राइट' कॉल होतच नाही.

हे ताडून पाहणं सोपं आहे. प्रोग्राम चालू असू द्या, एक गाडी तोला, आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच फाईलवर 'टेल' (फाईलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी आज्ञा) चालवा. नवी ओळ दिसली तर ती कर्नलच्या कॅशमध्ये आली. दिसली नाही तर ती अजून प्रोग्रामच्या पोटात आहे. इथे बरेच जण फसतात: 'टेल'ने ओळ दाखवली म्हणजे ती डिस्कवर गेली असं धरतात. 'टेल'सुद्धा पेज कॅशमधूनच वाचतो, डिस्कवर काय आहे ते तो तुम्हाला सांगू शकत नाही. याच कारणाने प्रोग्राम अडकला आणि तुम्ही तो 'किल'ने मारला, तर कर्नलकडे पोचलेला डेटा सुखरूप राहतो, प्रोग्रामच्या बफरमधला जातो.

तुमचा प्रोग्राम प्रत्येक ओळीला फाईल उघडून बंद करत असेल तर मात्र माझा तर्क बाद. मग वरचे दोन आकडे तपासा, बॅटरी वाचवणारी काही टूल्स ते वाढवून ठेवतात. जोडीला 'डीमेसेग'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) डिस्कच्या चुका दिसतात का तेही बघा.

वेळ कमी करण्याबद्दल माझं स्पष्ट मत: नको. ३० सेकंदांचे ५ केलेत तरी काही सेकंदांची फट राहतेच, आणि मशीनवरच्या बाकी सगळ्या लिखाणाला डिस्क उगाच घासत बसते. काही जण 'डर्टी बॅकग्राउंड रेशो' आणि 'डर्टी रेशो' बदलायला सांगतील. मूळ आकडे १० आणि २० टक्के, तेही एकूण रॅमचे नाहीत, कॅशसाठी वापरता येण्याजोग्या मेमरीचे. पहिली मर्यादा ओलांडली की फ्लशर वेळेची वाट न बघता कामाला लागतो. दुसरीच्या जवळ पोचलात की कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थोडं थोडं थांबवायला लागतं. पेनड्राइव्हवर लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना पट्टी झरकन पुढे जाते आणि मग एका जागी गोठते, ते याच हिशोबाने. ३ जीबी मोकळी मेमरी असेल तर पहिली मर्यादा ३०० एमबीच्या घरात येते. काट्याच्या ओळी हंगामभर साठवल्या तरी तिथपर्यंत जाणार नाहीत, त्यामुळे रेशो बदलून तुम्हाला शून्य फायदा.

(जाता जाता: पूर्वी हे काम सगळ्या डिस्कांसाठी मिळून 'पीडीफ्लश' नावाचे थ्रेड करायचे आणि एका संथ डिस्कपायी इतरांचंही काम रखडायचं. २००९ मध्ये आलेल्या २.६.३२ कर्नलपासून प्रत्येक डिस्कला आपला फ्लशर मिळाला.)

खरा इलाज प्रोग्राममध्येच आहे, आणि तो क्रमाचा आहे. ओळ लिहा, मग फ्लश, मग 'ओएस' मॉड्यूलमधला 'एफसिंक', आणि तो यशस्वी परत आल्यावरच काटापट्टी छापा. आत्ता तुमची पट्टी आधी बाहेर पडते आणि नोंद मागाहून जागेवर जाते. कागद शेतकऱ्याच्या हातात गेला की तुमचा शब्द गेला, म्हणून नोंद त्याच्या आधी डिस्कवर हवी.

फ्लशने बफर कर्नलकडे जातो, एफसिंकने कर्नलकडून डिस्ककडे. दोन्ही लागतात. नुसता एफसिंक केला तर पायथॉनच्या पोटातलं तसंच राहतं आणि कर्नल आपल्याकडे जे आहे तेवढंच इमानदारीने लिहून मोकळं होतं. एफसिंक त्या फाईलची डर्टी पानं डिस्कला पाठवतो, ती लिहून होईपर्यंत थांबतो, फाईलची वाढलेली लांबी वगैरे जर्नलमध्ये कमिट करवतो आणि शेवटी डिस्कलाच फ्लशचा हुकूम देतो. हा हुकूम महत्त्वाचा, कारण डिस्कच्या आतही रॅम असते आणि तीही लाईटबरोबर पुसली जाते. हुकूम न पाळता 'झालं' म्हणणारी स्वस्त उपकरणंही बाजारात असतात, त्यामुळे काट्याच्या मशीनमध्ये बिननावाची डिस्क बसवू नका.

वेळ किती जातो? ७२०० आरपीएमच्या हार्डडिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, एका एफसिंकमध्ये अशा काही फेऱ्या. सेकंदाला शेकडो व्यवहार करणाऱ्या सर्व्हरला हे जड जातं. तुमच्याकडे प्रिंटरचा कागद सरकायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

रोज नवी फाईल बनत असेल तर ती बनवल्यावर एकदा फोल्डरवरही एफसिंक करा, कारण फाईलचं नाव फोल्डरमध्ये असतं आणि ती वेगळी नोंद आहे. आणि एफसिंकने चूक परत दिली तर पुन्हा पुन्हा करून बघू नका. लिहिणं फसलेली पानं कर्नल 'स्वच्छ' समजून मोकळं होऊ शकतं, मग दुसऱ्या वेळचा एफसिंक यशस्वी म्हणून येतो आणि डेटा कुठेच नसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हे ध्यानात आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. आता त्यांचा सर्व्हर अशी चूक आली की मुद्दाम बंद पडतो आणि लॉगवरून सगळं परत उभं करतो. तुम्ही निदान पट्टी छापू नका, पडद्यावर लाल अक्षरात ओरडा आणि ती गाडी हाताने लिहून घ्या.

हे सगळं स्वतः करायचा कंटाळा असेल तर सीएसव्ही सोडा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरा. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक कमिटला एफसिंक होतोच. 'वॉल' मोड (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिणारा) लावून 'सिंक्रोनस' हे सेटिंग 'फुल'वरून 'नॉर्मल' केलंत तर मात्र फाईल खराब होणार नाही, पण लाईट गेल्यावर शेवटचे काही कमिट जाऊ शकतात. काट्यासाठी 'फुल'च ठेवा.

यूपीएस हवाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीतल्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य अशा उन्हाळ्यातच सरतं. हंगामात कापूस येतो तोवर ती नावालाच उरलेली असते.

बदल केल्यावर खात्री करायची असेल तर दुसऱ्या एखाद्या जुन्या मशीनवर करा, चालू काट्यावर नको. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'सिसरिक्यू-ट्रिगर' फाईलमध्ये इंग्रजी 'बी' हे अक्षर लिहिलं की मशीन कॅश न लिहिता, डिस्क अनमाउंट न करता त्या क्षणी रीबूट होतं. एकदा नुसत्या फ्लशवर एक ओळ लिहा आणि लगेच हे करा. ओळ बहुतेक गायब असेल, किंवा तिच्या जागी नुसते शून्य बाइट दिसतील. मग एफसिंक घालून तेच करा, ओळ जागेवर असायला हवी. डिस्कच्या आतल्या रॅमची परीक्षा मात्र अशी होत नाही, कारण तिचा करंट जात नाही. त्यासाठी त्या जुन्या मशीनची पिनच ओढावी लागेल.