पोराने सर्किटचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं तर त्याच्या हातात काय राहील?

राम राम भाऊ,

सावद्याहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगा इंजिनिअरिंगच्या ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) थर्ड इयरला, मातीतली ओल बघून केळीच्या ड्रिपचा वॉल्व्ह उघडबंद करणारं सर्किट त्याने बनवलंय, आता ओपन सोर्स हार्डवेअरवाली, म्हणजे कोणालाही बघता, बदलता, बनवता येतील अशी डिझाइन्स करणारी एक टीम त्याला सोबत घ्यायला तयार आहे पण म्हणते आधी डिझाइन ओपन लायसन्सखाली टाक, आणि तुम्हाला वाटतंय दोन वर्षांची मेहनत फुकट वाटली तर पोराच्या हातात काय राहणार. बापाला ही काळजी वाटणारच.

पण भाऊ, लायसन्स म्हणजे मालकी सोडणं नाही. डिझाइन पोराचंच राहतं, नाव त्याचंच राहतं, बाकीच्यांना कोणत्या अटीवर वापरता येईल एवढंच तो लिहून देतो. तुमच्या बागेतले कंद शेजाऱ्याला देताना तुम्ही म्हणालात की बाबा ने, लाव, केळी वीक, पण उद्या कोणी तुझ्याकडे कंद मागितले तर तूही असेच द्यायचे, तर ते झालं सर्न ओएचएलचं, म्हणजे सर्नच्या ओपन हार्डवेअर लायसन्सचं, एस लायसन्स. सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची ती मोठी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, त्यांनी 2020 मध्ये या लायसन्सचं दुसरं व्हर्जन आणलं, त्यात एस, डब्ल्यू आणि पी असे तीन प्रकार. पी मध्ये कंपनीने डिझाइन बदललं तरी तिचे बदल उघड करायचं बंधन नाही, फक्त मूळ नोटीस ठेवायची, आणि डब्ल्यू या दोघांच्या मधलं. टीमने आधीच एक निवडलेलं असेल तर तेच पाळावं लागेल, म्हणून हो म्हणायच्या आधी पोराने ती फाइल स्वतः वाचायचीच.

एक गोष्ट बरीच पोरं चुकतात. "कोणी विकू नये" म्हणून नॉन कमर्शियलवालं लायसन्स लावतात. ते ओपन सोर्स हार्डवेअरमध्ये बसतच नाही, कारण त्याच्या व्याख्येतच बनवायची आणि विकायची मोकळीक आहे. ती मोकळीक तुमच्या पोरालाही आहे की, उद्या त्याने रावेर-यावलमध्ये हेच बोर्ड बनवून विकले तर कोण अडवणार?

दुसरं, फाइली. मागे माझ्याकडे धुळ्याचा एक मुलगा यायचा, त्याने प्रोजेक्टमध्ये नुसत्या गर्बर फाइली (बोर्ड बनवायला कारखान्यात देतात त्या) आणि सर्किटचा फोटो टाकला होता. रिलेकडे, म्हणजे वॉल्व्ह चालूबंद करणाऱ्या स्विचकडे, जाणारा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) बारीक होता, वॉल्व्ह चालू झाला की तापायचा, दुसऱ्या एकाला तो रुंद करायचा होता पण किकॅडमधली (सर्किट डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) मूळ फाइलच नाही, शेवटी त्याने सगळं सर्किट पहिल्यापासून काढलं आणि त्या धुळ्याच्या मुलाचं नाव मागे पडलं, मला फार वाईट वाटलं. म्हणून स्किमॅटिक (सर्किटची आकृती) आणि लेआउटची (बोर्डावरची मांडणी) एडिट होणारी फाइल, पार्ट्सची यादी, जोडणीची माहिती, सगळं द्यायचं. आणि बोर्डातला कोड वेगळा, त्याला सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं लागतं.

आता तुमच्या काळजीतला खरा भाग. डिझाइन एकदा जगासमोर टाकलं की ते नवीन राहत नाही आणि मग पेटंट मिळणं अवघड, त्यामुळे यात पेटंट घेण्यासारखं काही आहे का हे आधीच ठरवा. ओल मोजून वॉल्व्ह उघडणं ही कल्पना जुनीच आहे, त्यामुळे मला तरी तसं वाटत नाही, पण सेन्सरमध्ये त्याने काही वेगळं केलं असेल तर थांबा. आणि काम कॉलेजच्या लॅबमध्ये झालंय, गाइडने हात लावलाय, म्हणजे कॉलेजचाही हक्क निघू शकतो, एचओडींकडून (विभागप्रमुख) लेखी परवानगी घ्या, तोंडी नको.

राहिली नोकरी. इंटरव्ह्यूला प्रोजेक्ट रिपोर्ट सगळेच नेतात, भाऊ. पण ओपन प्रोजेक्टमध्ये अनोळखी इंजिनिअरने काढलेली चूक पोराने तारखेनिशी दुरुस्त केलेली उघड दिसते, असं किती जणांकडे असतं? मी तर म्हणेन जाऊ द्या त्याला त्या टीममध्ये, एस लायसन्स असेल तर निर्धास्त. एचओडींची सही झाली की त्याला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे पाठवा, लायसन्सची फाइल आम्ही दोघं ओळ न् ओळ वाचू.