नसेतले रूळ आणि तिखटाचा थर

पेशीच्या आत माल कसा वाहिला जातो, यावर लिहिल्यापासून पत्रं थांबत नाहीत. निम्म्यांचा प्रश्न एकच.

पेशीत माल आपोआपच पसरतो ना? (भुसावळ)
छोट्या पेशीत, काही प्रमाणात. पण कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत गेलेला मज्जातंतू मीटरभर लांब. तिथे सूक्ष्मनलिकांचे रूळ लागतात, जाडी 25 नॅनोमीटर. त्यावर कायनेसिन नावाचं चालणारं प्रथिन माल टोकाकडे नेतं, डायनीन नावाचं दुसरं परत आणतं. कायनेसिनचं पाऊल 8 नॅनोमीटरचं आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. तुम्ही तर जंक्शनवाले, तुम्हाला अप-डाऊन काय समजवायचं!

मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. (अमळनेर)
उठा, जातील. न बसताही येत असतील तर रक्तातली साखर तपासा.

‘नसा 15 दिवसांत नव्या’ करणारी पावडर घेऊ का? (शहादा)
नको. तुटलेला मज्जातंतू वाढला तर दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. गणित तुम्हीच करा.

सांधेदुखीवर सातपुड्यातली कळलावी? (चोपडा)
अजिबात नाही. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, ते हे रूळच बांधू देत नाही. गाऊट या सांध्यांच्या दुखण्याला आम्ही ते मिलिग्रॅममध्ये मोजून देतो. कंदात किती आहे कोण मोजणार? माणसं दगावतात. कोणी खाल्ला असेल तर जुलाब सुरू व्हायची वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

मुलाला घरचंच कुत्रं चावलं, तिखट भरलं. तीन दिवस झाले, लस आता लागेल का? (रावेर)
लागेल, आणि हे वाचून संपवण्याआधी निघा. रेबीजचा विषाणू जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि डायनीनच्या परतीच्या गाडीत बसून मेंदूकडे जातो. लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने, कधी आठवडा, कधी वर्षही. दिसली की इलाज जवळजवळ नाहीच. म्हणजे आपल्या हातात तेवढाच प्रवास. ‘आपलाच कुत्रा शे, काही व्हत नही’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता राग येतो. मागच्या उन्हाळ्यात एका पोराच्या पोटरीवर हळद-तिखटाचा वाळलेला थर होता. तो काढतानाच पोर किंचाळत होतं. तिखटाने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं, राहिलं असेल तर आत्ता धुवा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं; ते डॉक्टरांना विचारून घ्या. दोन्ही सरकारी रुग्णालयात मागा. पहिल्या सुईनंतर ‘बरं वाटतंय’ म्हणून पुढच्या तारखा चुकवू नका. आणि कुत्र्याला मारू नका, बांधून 10 दिवस नजर ठेवा. पण तोवर लस अडवून ठेवायची नाही.