माझी आजी फक्त गृहिणी होती. तिच्या वर्षश्राद्धाला पाच मिनिटं बोलायचं आहे. काय बोलू, सुरुवात आणि शेवट कसा करू?

तुम्ही प्रश्नात तो 'फक्त' लिहिला नसता तर मी उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो.

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात एका वकिलांकडे कारकून आहे. आमच्याकडे मोटार अपघाताचे दावे येतात. गेलेल्या माणसाची कमाई किती होती हे विचारून लिहून घ्यायचं काम माझं. बाई गेली असेल तर नवरा हमखास म्हणतो, "काही नाही जी, घरीच राहायची." मग त्याला समजवावं लागतं की बापा, घरी राहणाऱ्या बाईचं कामही कोर्ट पैशात मोजतं. 2001 साली लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते महिन्याला 3,000 रुपये धरलं होतं. जानेवारी 2021 च्या एका निकालात तर 2019 च्या सरकारी पाहणीचे आकडेच दिले आहेत: घरकामात बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. ही 97 मिनिटंवाली माणसं कोणत्या गावची आहेत मला माहीत नाही. आमच्या महाल भागात तरी दिसली नाहीत.

माझी आजी मे महिन्यात गेली. वय 78. आदल्या दिवशी तिनेच घातलेल्या कुरोड्या गच्चीवर वाळत होत्या. सकाळी तिला गंगाबाई घाटावर नेलं, आणि दुपारी घरी आल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की कुरोड्या उलटवायच्या राहिल्या. माझी आई रडत रडत गच्चीवर गेली आणि त्या उलटवून आली.

तेरवीच्या आधी पेपरात द्यायचा मजकूर मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, लिहीत बसले होते. तुम्ही असे शेकडो वाचले असतील. अमुक यांच्या धर्मपत्नी, स्वभावाने अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व धार्मिक, पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा बराच मोठा आप्तपरिवार. त्यात आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, नाव दोनदा होतं. आजीचं एकदा, तेही आबाजींच्या नावाला जोडून. मी म्हटलं, एक ओळ टाका: कुरोड्या-पापड विकून त्यांनी तिन्ही मुलांची शिक्षणं केली.

मोठ्या बाबांनी चष्मा काढला. "आमच्या बापाची अब्रू पेपरात काढून राह्यला का बे तू?"

खोटं काय होतं त्यात? आबाजी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात मुनीम होते. एका दिवाळीनंतर ते दुकान उघडलंच नाही. आठ महिने आबाजी समोरच्या खोलीत पेपर वाचत बसले. आजी त्यांना एका शब्दाने बोलली नाही. इतवारीतून गहू आणला आणि भिजत घातला, बस. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं. पहाटे चारला भलामोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर. चीक शिजताना हात थांबला की गाठी होतात. एकदा मी गुडघा फोडून रडत आलो तर तिने मान वळवली नाही. "काहून रडून राह्यला बे? चीक आळून राह्यला इकडे, गप बस." मग सोऱ्याने भराभर घालायच्या, कारण नागपुरात मे महिन्यात आठ वाजले की गच्चीवर पाय ठेववत नाही. सगळं उरकून ती दहाच्या आत घरच्या स्वयंपाकाला उभी असायची. आबाजींना वरणभात साडेदहाला लागे. कमाई बंद होती, वेळ बंद नव्हती.

ऑर्डरी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या असत. डॉक्टरीणबाई दोनशे, शाळेच्या बाई पन्नास, पैसे बाकी. जुनी कॅलेंडरं तिने कधी फेकली नाहीत, ती माझ्याकडे आहेत. पहिलं 1974 चं आहे आणि ऑर्डरी 22 वर्षांच्या आहेत. आबाजींना पुढे दुसरी नोकरी लागली, तरी तिने गहू भिजवणं सोडलं नाही.

ओळ छापली नाहीच. तेरवीच्या रात्री झोप येईना म्हणून मी एक येडेपणा केला. कोर्टाच्या हिशेबाने आजीची नुकसानभरपाई काढायला बसलो. महिन्याचं उत्पन्न धरायचं, मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा, उरलेल्याचा वर्षाचा आकडा काढून त्याला वयाप्रमाणे गुणक लावायचा. खर्च साधारण तिसरा किंवा चौथा हिस्सा धरतात. तिचा? वर्षाला दोन पातळं आणि मिश्रीची डबी. गुणकाचा तक्ता 2009 च्या सरला वर्मा निकालातला आहे. पंधरा ते पंचवीस वयाला 18, आणि पासष्टीच्या पुढे 5. ते 5 लिहिलं आणि कागद फाडला. दिवसभर लोकांना हेच शिकवणारा मी, मला माझ्या आजीचं मोजता येईना.

तर तुमच्या आजीबद्दल. 'प्रेमळ', 'मायाळू', 'त्यागमूर्ती' हे शब्द घरीच ठेवून जा. कोणाचीही आजी त्यात बसते. ती काय करायची ते सांगा, वेळेसकट. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या ती आदल्या रात्री चिरायची की पहाटे? कोणती भाजी दुसऱ्याच्या हाताला लावू द्यायची नाही? कोणावर चिडायची? आमची आजी बहिणीशी चार वर्षं बोलली नव्हती, सरगुंडे वळायच्या काड्या परत केल्या नाहीत म्हणून. हे सांगितलं तर लोक हसतात, आणि हसले की ऐकतात. तिने एक पापडही विकला नसता तरी मी हेच म्हणालो असतो. कमाईची गोष्ट मी एवढी ताणली, कारण ती ओळ अजून डोक्यात आहे.

मोठ्या बाबांवर मी अन्याय करतो आहे, हेही लिहून टाकतो. ते तेव्हा आठवीत होते. कुरोड्यांचे डबे सायकलवर धरमपेठेपर्यंत तेच पोचवत. एकदा एका बंगल्याचं दार त्यांच्या वर्गातल्या मुलाने उघडलं. हे मला आत्याने सांगितलं, त्यांनी नाही. अजूनही त्यांच्या ताटात कुरोडी वाढली तर ते ती बाजूला सारतात. त्यांनी ती ओळ का खोडली ते मला आता कळतं. तरी ओळ छापायला हवी होती असंच माझं म्हणणं आहे.

सुरुवातीचं विचारलंत. तुमच्या आजीचं माहेरचं नाव माहीत आहे का? नसेल तर घरातली जुनी पितळी भांडी काढा. आमच्या त्या चिकाच्या गंजावर काठाला एक नाव कोरलेलं आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं, कोण्या शेजारणीचा गंज परत द्यायचा राहिला. ती आजीच होती, लग्नाआधीची. भांड्यावर नाव सापडलं तर तिथूनच सुरुवात करा, नवऱ्याचं नाव नंतर येऊ द्या.

आणि शेवटाची काळजी करू नका. एक वाजून गेलेला असतो, आतून वड्यांचा वास येत असतो. माईक ठेवा आणि पंगत बसवा.