‘साक्ष जाते’ म्हणजे नेमकं काय जातं?

प्रश्न असा आहे: ‘आमच्या ऑफिसातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याला मागची तारीख घालून एका कागदावर सही करायला सांगितली. तो म्हणाला, “नको, माझी साक्ष जाईल.” खटला नाही, कोर्ट नाही, मग साक्ष कसली आणि ती जाते कशी? याला मराठी म्हणायचं का?’

मराठीच आहे, आणि चांगलं कसदार मराठी आहे. ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात हा प्रयोग रोजचा आहे, बाहेर फारसा कानावर पडत नाही, एवढंच.

त्यांच्या बोलण्यात ‘साक्ष’ दोन क्रियापदांबरोबर येते आणि क्रियापद बदललं की अर्थही बदलतो. ‘साक्ष देणे’ म्हणजे प्रार्थनासभेत उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. हा अर्थ कोर्टातल्या साक्षीपासून फार दूर नाही. दुसरा प्रयोग ‘साक्ष असणे’: ‘त्यांची साक्ष चांगली आहे’, ‘तिने शेवटपर्यंत साक्ष राखली’. इथे गंमत षष्ठीत आहे. वकील ‘पाटलांची साक्ष’ म्हणतो तेव्हा ती पाटलांनी दिलेली असते. ख्रिस्ती माणूस तेच शब्द उच्चारतो तेव्हा ती बहुधा पाटलांविषयी इतरांनी दिलेली असते. देणारा बदलला, शब्द तोच राहिला.

या वळणाचं मूळ थेट बायबलच्या नव्या करारात सापडतं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा, म्हणजे चर्चच्या समुदायाचा, अध्यक्ष कसा असावा याची यादी आहे: नेमस्त, अतिथिप्रिय, द्रव्यलोभ नसलेला, घर नीट चालवणारा. यादी संपता संपता सातव्या वचनात अट येते की त्याच्याविषयी बाहेरच्यांनीही चांगली साक्ष दिलेली असावी. ‘बाहेरचे’ म्हणजे जे ख्रिस्ती नाहीत ते. माणसाचा विश्वास त्याच्या कपड्यांवरून, गळ्यातल्या क्रुसावरून किंवा चर्चमधल्या जागेवरून ठरवायचा नाही. ज्यांना त्याच्या धर्माशी काही देणंघेणं नाही त्यांना तो व्यवहारात कसा वाटतो ते विचारायचं. तुमच्या सहकाऱ्याच्या दृष्टीने असे ‘बाहेरचे’ म्हणजे तुम्हीच.

आता शब्दाकडे. पाणिनीचं सूत्र आहे, ‘साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्’ (५.२.९१): ज्याने प्रत्यक्ष पाहिलं तो साक्षी. वेदान्तात हाच शब्द वेगळ्या उंचीवर जातो. तिथला साक्षी नुसता पाहतो, कशात पडत नाही. मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघत राहतो; हा दुसरा म्हणजे तो. ख्रिस्ती साक्षी याच्या अगदी उलट, त्याला गप्प बसायची मुभाच नाही. मराठी भाषांतरकारांनी ग्रीक ‘मार्तुस’साठी ‘साक्षी’ घेतला आणि अलिप्त राहणाऱ्या शब्दाला कामाला जुंपलं. ‘मार्तुस’ही मुळात कोर्टातलाच. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाला ‘तुझा साक्षी’ म्हणतो, आणि पुढे त्याच ग्रीक शब्दाला ‘विश्वासासाठी प्राण देणारा’ हा अर्थ चिकटला. आपल्याकडे त्यासाठी ‘रक्तसाक्षी’ असा वेगळा समास आहे. शब्दाचा प्रवास पाहा: डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने सांगण्यापासून निघाला आणि जगण्या-मरण्याने सांगण्यापर्यंत पोचला.

मग सरळ ‘चारित्र्य’ का म्हणत नाहीत? कारण आपण त्या शब्दाची वाट लावली आहे. ‘चारित्र्यावर संशय’ म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात एकच विषय येतो. ‘शीलभंग’ आठवा, शीलाचीही तीच गत. पवित्र शास्त्राच्या प्रचलित मराठी भाषांतरात रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘शील’ आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. तिथला ग्रीक शब्द ‘दोकिमे’ म्हणजे परीक्षेला उतरलेला खरेपणा, ज्याला आपण ‘कसाला उतरलेला’ म्हणतो तो. मागच्या तारखेची सही नाकारण्यात हाच कस आहे, पण त्याला कुणी ‘शील राखलं’ म्हणणार नाही. म्हटलं तर लोक हसतील. ती रिकामी जागा ‘साक्ष’ने भरली.

मात्र या प्रयोगात एक खोच आहे, आणि ती ख्रिस्ती मित्रांनाही टोचत असावी. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने कुणी ‘साक्ष जाईल’ म्हणत असेल, तर तो साक्षीची नव्हे, प्रतिमेची काळजी करतो आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एकाच प्रवचनात दोन्ही बाजू आहेत. पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या. सहाव्यात म्हणतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. दान देताना कर्णा वाजवू नका, उपास कराल तेव्हा तोंड उतरवून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. वरवर विसंगत वाटतं, पण पाचव्यातलं वाक्य पुरतं वाचलं की उकलतं: कर्मं पाहून लोकांनी गौरव स्वर्गातल्या पित्याचा करायचा आहे, करणाऱ्याचा नाही. कर्णा वाजवणाऱ्यांना तिथे ‘ढोंगी’ म्हटलं आहे. मूळ ग्रीक ‘हुपोक्रितेस’ म्हणजे नट. मराठीत नट ‘सोंग’ घेतो आणि फसवणारा ‘ढोंग’ करतो. आपण या दोघांना वेगळे शब्द ठेवले, आणि मला ही वाटणी ग्रीकपेक्षा सरस वाटते. सोंग बघणाऱ्याला ते सोंग आहे हे ठाऊक असतं.

‘साक्ष’ला आतल्या बाजूचा अर्थ द्यायला बायबलची वाट पाहावी लागली असंही नाही. ‘मन साक्ष देत नाही’ हे आपण सर्रास म्हणतो. तुकोबांनी फारसीतून आलेला शब्द वापरून तेच म्हटलं: ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥’ पौलही रोमकरांस पत्रात सदसद्विवेकबुद्धीला साक्ष द्यायला उभं करतो. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याकडे दोन साक्षी आहेत, एक आतला आणि एक बाहेरचा. त्याचं वाक्य बाहेरच्याविषयी होतं. आतल्याचं मत काय पडलं ते सही न केल्यावरून कळतंच.

आता ‘जाते’. ‘नावाला बट्टा लागेल’ हा पर्याय जवळचा वाटेल, पण पुरत नाही, कारण बट्टा स्वतःच्या नावाला लागतो. इथे भीती निराळी आहे: मी खोटं वागलो तर ज्याच्याविषयी मी साक्ष देतो त्याच्यावर बोल येईल. ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा (बहुतेक प्रोटेस्टंटांच्या गणतीत नववी, कॅथलिक गणतीत आठवी) ज्याला पाठ आहे, त्याला आपलं जगणंही खोट्या साक्षीत निघू शकतं हे वेगळं सांगावं लागत नाही. पाठभेद म्हणून ‘साक्ष बिघडेल’ही चालतं. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला अर्थ पोचवायचा असेल, तर ‘प्रतिष्ठा’ किंवा ‘इभ्रत’ घालून भाषांतर करू नका. कोर्टाच्या बातम्यांत ‘साक्षीदार फितूर झाला’ असं छापून येतं, त्याच्या आधाराने समजवा. ‘साक्ष जाईल’ म्हणजे ‘मी फितूर ठरेन’.